नारायण पेठेतलं एक टेबल : संगणकाचा त्रास नेमका कुठून येत होता

पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई घरूनच हिशेबाचं काम करतात. काही दुकानदार आणि दोन-तीन छोटे कारखानदार यांचे जीएसटी रिटर्न त्या भरून देतात. ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत. नावाऐवजी त्यांना ताई म्हणतो.

तक्रार अशी होती : संगणकासमोर तासभर बसलं की तळहातांना मुंग्या येतात, चेहरा तापतो, डोळ्यांच्या मागे ठणकायला लागतं, कधी कधी घसा खवखवतो. उठून गच्चीवर गेलं की हळूहळू बरं वाटतं. पुन्हा बसलं की पुन्हा तेच. दोन डॉक्टर झाले होते. एकांनी थायरॉईड, साखर, बी-ट्वेल्व्ह सगळं तपासलं. सगळं ठीक निघालं. दुसऱ्यांनी "ताण घेऊ नका, प्राणायाम करा" म्हणून बोळवण केली. त्यानंतर ताईंनी स्वतःच शोधाशोध केली आणि विद्युतचुंबकीय लहरींची काहींना 'अ‍ॅलर्जी' असते, अशा मजकुरापर्यंत त्या पोचल्या. आपल्याला काय होतंय ते सांगणारं कुणीतरी अखेर भेटलं, असं त्यांना वाटलं. त्यात चूक काही नाही. ज्याचं दुखतं त्याला निदान नाव तरी हवं असतं.

मी कारखान्यांचं इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑडिट करतो, भोसरी-चाकणच्या बाजूला. आजाराचं निदान हा माझा प्रांत नाही. ताईंचे यजमान ओळखीचे. "एकदा मीटर घेऊन या आणि घरात काय आहे ते बघा" एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जाण्याआधी मी एक गोष्ट पक्की केली होती. त्रास खरा की खोटा या वादात पडायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2004 साली प्रागला या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली आणि 2005 च्या डिसेंबरमध्ये माहितीपत्रक काढलं. त्यात लक्षणं खरी असल्याचं मान्य केलं आहे, पण ती विद्युतचुंबकीय लहरींमुळे होतात याला आधार सापडत नाही, असंही स्पष्ट म्हटलं आहे. त्याच पत्रकातला पुढचा भाग मात्र फारसा कुणी वाचत नाही. अशा माणसाच्या घराची आणि कामाच्या जागेची पाहणी करा, हवा, आवाज, लुकलुकणारा प्रकाश, बसण्याची पद्धत तपासा, असं तिथे सांगितलं आहे. मी तेवढंच करायला गेलो होतो. वीज हा माझा विषय असल्यामुळे सुरुवात बोर्डापासून झाली.

टेबल

मुलाने घेऊन दिलेला धातूच्या बॉडीचा लॅपटॉप. त्याला जोडलेला मोठा मॉनिटर, नवाच. उजव्या कोपराशी लेसर प्रिंटर. टेबलाखाली, पायांच्या अगदी जवळ, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी. वर जुनी, चोकवाली ट्यूबलाइट. हे सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डवर, आणि तो बोर्ड भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटमध्ये. खाली शहाबादी फरशी. ताई घरात अनवाणीच वावरतात.

शिवाय त्यांनी स्वतःहून केलेले उपाय होते. वाय-फायचा राउटर पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवला होता, झाकण जरासं किलकिलं ठेवून. परिणाम एवढाच की नेट रखडायचं, आणि कमजोर सिग्नल पकडायला लॅपटॉप आणि फोन जास्त वेळ आणि जास्त जोराने प्रक्षेपण करत राहायचे. लॅपटॉपवर 'रेडिएशन शोषून घेणारी' सोनेरी चकती चिकटवली होती. स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी तळाला नेला होता. आणि पायाखाली एक काळी चटई होती, ऑनलाइन मागवलेली, तिची वायर एक्स्टेन्शन बोर्डाच्या तिसऱ्या भोकात, म्हणजे अर्थच्या पिनमध्ये घातलेली. शरीरातली जास्तीची वीज जमिनीत जाते, असं तिच्या खोक्यावर लिहिलं होतं.

चकतीबद्दल एक गोष्ट जाता जाता. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने 2021 च्या डिसेंबरमध्ये लहरींपासून संरक्षण देणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तूंबाबत इशारा दिला होता. त्यांत गळ्यातली माळ होती, झोपताना डोळ्यांवर लावायची पट्टी होती, आणि त्या चक्क किरणोत्सारी निघाल्या. ताईंच्या चकतीत तसलं काही असेल असं मला वाटत नाही. तरी ती काढून टाकायला सांगितली. काम शून्य, आणि आत काय आहे ते विकणाराही सांगत नाही.

मीटर काय म्हणाला

मीटर काढण्याआधी मी बोटाची मागची बाजू, नखाच्या वरची, लॅपटॉपच्या झाकणावरून हलकेच फिरवली. गुळगुळीत धातू बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला. चार्जर काढला, खरखर गेली. पुन्हा लावला, पुन्हा आली. ताईंना करून बघायला सांगितलं. "अहो, हेच! हेच होतं मला," त्या म्हणाल्या. यजमानांनी चपला घालून हात फिरवला, त्यांना जवळजवळ काहीच कळलं नाही. चपला काढायला लावल्या, मग त्यांनाही लागलं.

ही संवेदनशीलता वगैरे नाही. ही वीज आहे, आणि ती कुणालाही लागते.

कारण साधं आहे. लॅपटॉपच्या, मॉनिटरच्या, प्रिंटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतली गडबड गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. एक फेजकडून बॉडीकडे, एक न्यूट्रलकडून बॉडीकडे. त्यांतून अगदी थोडी वीज सतत बॉडीकडे झिरपते, आणि अर्थच्या वायरने जमिनीत निघून जाते. रचनाच तशी आहे. पण अर्थची वायर नुसती नावाला असेल, तर ती वीज जाणार कुठे? मग बॉडी दोन्ही कपॅसिटरच्या मधोमध लोंबकळते, म्हणजे 230 च्या निम्म्यावर, 115 व्होल्टच्या आसपास. दोन पिनांच्या चार्जरमध्येही हेच होतं. फरक इतका की तिथे झिरपणाऱ्या विजेवर मानकांनी पाव मिलिअँपची मर्यादा घातलेली आहे. थ्री-पिनवाल्या उपकरणांना जास्त सूट असते, कारण अर्थ असणार हे गृहीत धरलेलं असतं.

ताईंच्या सॉकेटमध्ये अर्थ नव्हता. भिंतीतलं वायरिंग इतकं जुनं, की फक्त दोन वायरी होत्या. थ्री-पिन सॉकेट नंतर कधीतरी बसवलं आणि तिसरं भोक तसंच मोकळं राहिलं. ओळखण्याची खूण अशी : ठीकठाक सॉकेटमध्ये फेज आणि अर्थच्या मध्ये मीटर पूर्ण 230 च्या आसपास दाखवतो आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम व्होल्ट-दोन व्होल्ट. इथे दोन्हीकडे शंभरच्या वर, जवळजवळ सारखंच. हे दृश्य पुण्यातल्या जुन्या पेठांत मी इतक्या वेळा पाहिलं आहे की मीटर लावण्याआधीच आकडा सांगू शकतो. (वाचकांनी हे स्वतः करायला जाऊ नये. वायरमनला बोलवावं.)

आता खरी गंमत. एक्स्टेन्शन बोर्डात अर्थच्या सगळ्या पिना आतून एका पट्टीने जोडलेल्या असतात. पट्टी जमिनीला जोडलेली नाही, पण एकमेकांना मात्र जोडलेली आहे. म्हणजे लॅपटॉपची गळती, मॉनिटरची गळती, प्रिंटरची गळती, सगळी त्या एका पट्टीवर गोळा. एकट्या लॅपटॉपने जे कळलंही नसतं ते तिघांनी मिळून कळायला लागतं. लॅपटॉपच्या बॉडीपासून जमिनीपर्यंतचा प्रवाह मोजला, तो अर्ध्या मिलिअँपच्या वर भरला. माणसाला वीज जाणवण्याची सुरुवात साधारण तिथूनच होते असं आंतरराष्ट्रीय मानकं धरतात. ओलसर हात, अनवाणी पाय, धातूच्या कडेला टेकलेलं मनगट असेल तर त्याहून आधीही. जून ते सप्टेंबर त्रास वाढतो, हिवाळ्यात कमी होतो, हे ताईंनी आधीच सांगितलं होतं. पावसाळ्यात शहाबादी फरशी दमट असते.

आणि चटई? ती त्याच पट्टीला जोडलेली होती.

जमिनीत वीज सोडणारी म्हणून घेतलेली चटई प्रत्यक्षात तीन उपकरणांच्या गळतीला जोडलेली होती, आणि ताई दिवसभर तिच्यावर पाय ठेवून बसत होत्या. अंगणातल्या तुळशीवृंदावनाशेजारच्या मातीत एक सळई ठोकली, तिथून लांब वायर वर आणली आणि त्या खऱ्या जमिनीच्या तुलनेत ताईंच्या अंगावर किती व्होल्ट आहेत ते मोजलं. चटई नसताना आकडा किरकोळ. चटईवर पाय ठेवला की तो कित्येक पटींनी चढला. चटईच्या वायरीत आत रेझिस्टन्स असतो, त्यामुळे जिवाला धोका नव्हता. पण चटईवर बसून खिडकीच्या गजाला हात लागला की चिमटा बसत होता, आणि तो 'खिडकीतून येणाऱ्या टॉवरच्या लहरींचा' असं त्या समजत होत्या.

चटईवाल्यांच्या खोक्यावर सॉकेटमध्ये अर्थ आहे का ते आधी तपासा, अशी ओळ बारीक इंग्रजी अक्षरांत होती. मराठी माणसाच्या घरात जाणाऱ्या वस्तूवर ती ओळ ठळक का नाही, आणि सोबत साधा सॉकेट टेस्टर का नाही, याचा मला राग आला. अजूनही आहे.

अर्थिंग

बाकी सगळं नंतर, आधी हे. शेजारच्या गल्लीतला वायरमन आला आणि त्याने तिथल्या तिथे उपाय सुचवला : "साहेब, सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थला एक तुकडा मारतो, झालं काम." पुण्यात हा तुकडा हजारो घरांत असेल. मुंग्या त्याने थांबतात हे खरं. पण उद्या खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सुटला, तर घरातल्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर थेट फेज येतो, आणि अशा जोडणीत इएलसीबीही (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) धोका ओळखत नाही, कारण गळती परत न्यूट्रलमधूनच जाते. आता मुंग्या येतात. तेव्हा माणूस जाईल. नळाच्या पाइपला जोडणं हा दुसरा लोकप्रिय प्रकार. हल्ली पाइप प्लास्टिकचे असतात, आणि नसले तरी खालच्या बिऱ्हाडाच्या नळाला करंट देण्याचा हक्क आपल्याला नाही.

मालकांची परवानगी घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा केला. परवानाधारक ठेकेदाराकडून, आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे, इलेक्ट्रोड घालून, रेझिस्टन्स मोजून. तिथून वेगळी हिरवी वायर भिंतीवरून वर टेबलापर्यंत आणली. मीटरच्या पुढे 30 मिलिअँपचा इएलसीबी बसवला. त्या संध्याकाळी लॅपटॉपवर बोट फिरवलं तर धातू नुसता धातूसारखा लागला. मुंग्या त्या दिवसापासून बंद झाल्या, आजतागायत आल्या नाहीत. चटई काढून टाकली. अर्थिंग झाल्यावर ती निदान उपद्रव देणार नव्हती, पण तिचा काही उपयोगही नव्हता.

ताईंचे यजमान म्हणाले, "म्हणजे सगळा त्रास याचाच होता तर." ताई म्हणाल्या, "डोकं दुखतंय अजून." त्यांचं बरोबर होतं.

इथून पुढे मी एक अट घातली. एका वेळी एकच बदल, आणि रोज रात्री कालनिर्णयच्या चौकोनात शून्य ते दहामधला आकडा : डोकं, घसा, चेहरा. ताईंना हे पटायला वेळ लागला. त्यांना सगळं एकदम करून मोकळं व्हायचं होतं. पण सगळं एकदम केलं की कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि मग माणूस जन्मभर दहा पथ्यं पाळत बसतो, ज्यांतली आठ निरुपयोगी असतात.

प्रकाश

ब्राइटनेस तळाला नेला की 'किरणं' कमी होतात, हा ताईंचा तर्क. दिसायला बिनतोड. प्रत्यक्षात अनेक एलइडी स्क्रीनमध्ये उजेड कमी करण्याची पद्धत अशी असते, की मागचे दिवे मंद होत नाहीत. ते सेकंदाला शेकडो वेळा पूर्ण बंद-चालू होतात, आणि ब्राइटनेस जितका कमी तितका बंद राहण्याचा वेळ जास्त. डोळ्यांना नुसता मंद प्रकाश दिसतो. पण पापणीच्या आत चाललेली धावपळ थांबत नाही, आणि ज्यांना अर्धशिशीची खोड आहे अशांना ती बाधू शकते. फोटोडायोड (प्रकाश टिपणारा छोटा भाग) लावून स्कोपवर, म्हणजे चढ-उताराची रेष दाखवणाऱ्या यंत्रावर पाहिलं, तर ताईंचा मॉनिटर तळच्या ब्राइटनेसला सेकंदाला दोनशेहून काही जास्त वेळा पूर्ण विझत होता. पूर्ण ब्राइटनेसला रेष सरळ.

घरच्या घरी बघायचं असेल तर फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला शटर एक हजारांश सेकंदावर ठेवून स्क्रीनकडे धरावा. काळे पट्टे दिसले की समजावं. किंवा स्क्रीनसमोर पेन्सिल जोरात पंख्यासारखी हलवावी. सुटी सुटी सावली दिसली की तेच.

अमेरिकेतल्या आयइइइ या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं 2015 चं मार्गदर्शक, 1789 क्रमांकाचं, यासाठी सोपा हिशेब देतं : नव्वद हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला नव्वद वेळांच्या) वर, वारंवारितेला 0.08 ने गुणा. प्रकाशातला चढ-उतार तेवढ्या टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी. म्हणजे दोनशे हर्ट्झला सोळा टक्के. ताईंच्या स्क्रीनवर तो शंभर टक्के होता. शंभर टक्के चढ-उतार चालवून घ्यायचा तर वारंवारिता साडेबाराशेच्या वर हवी. वरच्या चोकवाल्या ट्यूबची गोष्ट वेगळी नाही; आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि तिथे मर्यादा येते आठ टक्के. ब्रिटनमध्ये अरनॉल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये एका कार्यालयात, कामगारांना न सांगता, जुन्या चोकच्या ट्यूब बदलून उच्च वारंवारितेच्या लावल्या, आणि डोकेदुखीचं सरासरी प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं. लोकांना माहीत नसताना आलं, हे महत्त्वाचं.

स्क्रीनचा उपाय फुकटात झाला. ब्राइटनेस पूर्ण ठेवला आणि डोळ्यांना झेपेल इतका अंधारा रंग सॉफ्टवेअरमधून केला, कॉन्ट्रास्ट उतरवला. ट्यूब काढून, कॅमेऱ्यात पट्टे न दिसणारी एलइडी पट्टी निवडून लावली. दुकानात उभं राहून चार पेटवून बघितल्या, दुकानदार वैतागला. टेबल खिडकीच्या समोरून काढून काटकोनात केलं. आणि चष्मा. वाचायचा नंबर चाळीस सेंटिमीटरसाठी, मॉनिटर सत्तरवर. ताई मान वर करून प्रोग्रेसिव्ह भिंगाच्या खालच्या पट्टीतून बघत होत्या. संगणकासाठी वेगळा चष्मा केला. (प्रकाश आणि चष्मा हे दोन बदल मी एकदम होऊ दिले, कारण चष्मा थांबवण्यात अर्थ नव्हता.) डोक्याचा आकडा खाली आला. शून्यावर नाही, पण निम्म्याच्या खाली.

हवा

संगणकातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींमध्ये लहरींचीच चर्चा होते. वासाची आणि कणांची फारशी होत नाही, आणि माझ्या मते हा अन्याय आहे. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठात 2004 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. ओले फँगर यांच्या गटाचा. खोलीत पडद्यामागे, दिसणार नाहीत असे, काही महिने वापरलेले जुन्या काचेच्या पडद्याचे संगणक चालू ठेवले. बसलेल्यांना ते आहेत की नाहीत हे माहीत नव्हतं. संगणक असताना हवेबद्दल नाराज असणाऱ्यांचं प्रमाण 13 वरून 41 टक्क्यांवर गेलं आणि टंकलेखनाला 9 टक्के जास्त वेळ लागला. एक संगणक हवेला तीनहून अधिक माणसांइतकं शिळं करत होता. त्याआधी 2000 मध्ये स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्या मॉनिटरच्या तापलेल्या प्लास्टिकमधून ट्रायफिनाइल फॉस्फेट हे आग रोखणारं रसायन हवेत येतं हे दाखवलं. काहींच्या त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी असते. आजचे पातळ मॉनिटर कमी तापतात, त्यामुळे तीव्रता कमी, पण नव्या वस्तूचा वास आपण सगळ्यांनी घेतलेला आहे.

लेसर प्रिंटरचं प्रकरण जास्त ठोस. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तंत्रविद्यापीठात लिडिया मोराव्स्का यांच्या गटाने 2007 मध्ये 62 प्रिंटर तपासले. बहुतेकांतून काही विशेष बाहेर पडत नव्हतं. 17 मात्र अतिसूक्ष्म कणांचा मारा करणारे निघाले. पुढच्या अभ्यासात कळलं की ते कण म्हणजे नुसती टोनरची पूड नाही. गरम रोलरवर कागद आणि टोनरमधून निघालेली वाफ थंड होऊन त्यांचे कण बनतात.

ताईंच्या कोपराशी असलेला प्रिंटर कोणत्या गटातला, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. मोजायची गरजही नव्हती. तो उचलून गॅलरीत, आडोशाला ठेवला, लांब केबल ओढली. छापून झालं की पाच-दहा मिनिटांनी जाऊन कागद आणायचे. नवा मॉनिटर काही दिवस आतल्या रिकाम्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून, दिवसभर चालू ठेवला. घशाची तक्रार जवळपास गेली. इथे मी प्रिंटरला श्रेय देतो, मॉनिटरला नाही, पण हे माझं मत आहे. ताईंचं उलट आहे.

टेबलाखालचा इन्व्हर्टर पॅसेजमध्ये हलवला. त्याच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी चुंबकीय क्षेत्र काही मायक्रोटेस्ला होतं. आंतरराष्ट्रीय मर्यादा 50 हर्ट्झला 200 मायक्रोटेस्ला, म्हणजे चिंतेचं काही नव्हतं; दोन मीटरवर ते घरातल्या नेहमीच्या पातळीत विरून गेलं. हलवला तो मुख्यतः गुणगुण आणि उष्णतेसाठी. लहरी कमी करायच्या असतील तर अंतर हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि अशा उगमापासून क्षेत्र फार भराभर उतरतं. कापड, जाळ्या, रंग यांच्या आधी टेबल सरकवून बघावं.

राउटर

हे सगळ्यात अवघड. ताईंचा संशय मुळात राउटरवर होता, आणि इतक्या गोष्टी बदलूनही तो कायम होता. मी चाचणी सुचवली. राउटर यजमान आतल्या खोलीत नाणं उडवून चालू किंवा बंद करणार. मी ताईंसोबत बाहेर, मलाही माहीत नाही. फोन एअरप्लेन मोडवर. ताईंनी ठरावीक वेळाने फक्त सांगायचं : आहे की नाही. हे एका बैठकीत उरकलं नाही, मधे सुट्टी घेत घेत केलं. ताळा केला तेव्हा त्यांचे अंदाज नाण्याइतकेच बरोबर होते.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला काही होत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"होतं. मुंग्या तर मलाही आल्या. फक्त राउटर चालू आहे की नाही ते तुमच्या अंगाला कळत नाही, एवढंच यातून दिसलं."

हा निकाल त्यांच्या एकटीचा नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले जेम्स रुबिन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये अशा 46 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. 1175 माणसं होती. लहरी आहेत की नाहीत ते ओळखणं किंवा खऱ्या लहरींनी जास्त त्रास होणं, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. उलट खोट्या लहरींनीही लोकांना खरोखर त्रास झाला. 2013 च्या एका प्रयोगात तर वाय-फायच्या धोक्यांवरचा टीव्ही कार्यक्रम आधी दाखवला, मग बंद असलेला खोटा वाय-फाय 'सोडला'. आधीच काळजीत असलेल्यांमध्ये लक्षणं वाढली. भीतीने डोकं दुखतं ते खोटं दुखत नाही.

तरीही मी राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची (नेटची) वायर ओढून दिली आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं. काही सहकाऱ्यांना हे पटलं नाही. भीतीला खतपाणी घालतोस, म्हणाले. माझा हिशेब असा : वायर काही शे रुपयांची, नेट सुधारतं, पोर्टलवर रिटर्न अडकत नाही, आणि पोळ्यांचा डबा स्वयंपाकघरात परत जातो. ज्या उपायाचा आणखी काही फायदा आहे तो करावा. ज्याचा फक्त भीती पोसण्याशी संबंध आहे, म्हणजे मच्छरदाणीसारखी चांदीच्या धाग्याची जाळी, ती घेऊ नये. ती ताईंच्या यादीत पुढची होती आणि किंमत लॅपटॉपच्या जवळपास. समोरच्या इमारतीवरच्या टॉवरबद्दल त्यांना दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलची माहिती दिली. तिथे शुल्क भरून मोजणी मागवता येते. भारताने 2012 च्या सप्टेंबरमध्ये टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ताईंनी अजून अर्ज केलेला नाही.

काय उरलं

कालनिर्णयची पानं शेजारी शेजारी मांडली तेव्हा एक गोष्ट दिसली, जी आम्हा दोघांनाही आधी सुचली नव्हती. डोक्याचे मोठे आकडे महिन्यात दोन ठिकाणी गोळा होतात : दहा-अकरा तारीख आणि अठरा ते वीस. जीएसटीच्या दर महिन्याच्या दोन रिटर्नपैकी जीएसटीआर-1 ची मुदत अकरा, थ्री-बी ची वीस. त्या दिवसांत ताई जास्त वेळ बसतात, जास्त छापतात, कमी झोपतात, आणि दुकानदार रात्री अकराला बिलं पाठवतात. यातलं नेमकं काय डोक्यात जातं ते वेगळं काढणं मला जमलेलं नाही. ताईंनी दोन दुकानदारांना पाच तारखेनंतर आलेली बिलं पुढच्या महिन्यात धरीन म्हणून सांगितलं आहे. एक ऐकतो. चेहरा तापण्याची तक्रार थोडीच कमी झाली. त्यासाठी त्या आता त्वचारोगतज्ज्ञांकडे जातात, आणि ते चेहऱ्याकडे बघतात, संगणकाकडे नाही, जे मला योग्य वाटतं.

वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने हे ऐकून आपल्याही सॉकेटवर मीटर लावून घेतला. दोन्हीकडे शंभरच्या वर. त्यांची वॉशिंग मशीन बाथरूमला लागून आहे, आणि तिला हात लावताना लाकडी पाटावर उभं राहायचं हे त्या घरात वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत होतं. अंगणातला खड्डा सगळ्यांसाठी वाढवून प्रत्येक मजल्यावर अर्थची वायर न्यायची, असा विषय आता निघाला आहे. मालक म्हणतात भाडेकरूंनी खर्च करावा. भाडेकरू म्हणतात वायरिंग मालकाचं. भाडं इतकं जुनं आहे, की त्यातून अर्थिंगच्या इलेक्ट्रोडचे पैसे सुटायला कित्येक महिने लागतील, आणि बोलणी तिथेच अडली आहेत.